सोसायटीचं गेट कसं बसवावं: कमिटीला फुकटचा सल्ला

तुमच्या सोसायटीचं गेट खालून गंजून जाळी झालंय, उघडताना असं कर्कश वाजतं की चौथ्या मजल्यावर झोपलेल्या माणसालाही कळतं दूधवाला आला, आणि यंदाच्या एजीएमच्या, म्हणजे वार्षिक सभेच्या, अजेंड्यावर 'नवीन गेट' हा विषय लागलाय? अभिनंदन. आमच्याकडे बोरिवलीला हे कार्य नुकतंच पार पडलंय, म्हणून ताजे ताजे अनुभव देतोय. घ्या, पैसे नको.

सगळ्यात आधी मुहूर्त बघा. एजीएम ३० सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते, तिथे ठराव पास करून टाका, टाळ्या वाजवा, वेफर्स खा. मग नवरात्र, मग दिवाळी, मग सेक्रेटरी दोन महिने मुलीकडे दुबईला, मग मार्च एंडिंग, मग मे महिन्यात सगळे गावाला. असं करत करत काम जूनच्या पहिल्या आठवड्यातच सुरू झालं पाहिजे. मुंबईत पाऊस साधारण ११ जूनला येतो, म्हणजे जुनं गेट कापून भंगारात गेलंय आणि नवीन अजून वर्कशॉपमध्येच आहे असा जो मधला काळ असतो तो बरोब्बर पहिल्या पावसात पडतो. वेल्डिंग मशीन ताडपत्रीखाली, गंज रोखणारा रेड ऑक्साइडचा हात ओल्या लोखंडावर, आणि वायरची उघडी टोकं काडेपेटीच्या काड्या खोचून कॉमन मीटरच्या सॉकेटमध्ये बसवलेली. वीज कोणाच्या बिलात? सगळ्यांच्या. म्हणजे कोणाच्याच नाही.

वेल्डिंग करणाऱ्या पोराला काळी काच वगैरे देऊ नका, तो फुटपाथवरचा गॉगल लावतो आणि रात्री डोळ्यांवर बटाट्याचे काप ठेवून झोपतो, तेवढं त्याला पुरतं.

कोटेशन तीन मागवा, नियम म्हणजे नियम. एक फॅब्रिकेटरचं, म्हणजे गेट बनवणाऱ्याचं, एक त्याच्या मेहुण्याचं आणि एक त्या मेहुण्याच्या पार्टनरचं. तिन्हीचा फॉन्ट एकच असला आणि 'फॅब्रिकेशन'चं स्पेलिंग तिन्हीत एकाच जागी चुकलेलं असलं तरी डोळे मिटून घ्या. सगळ्यात स्वस्त कोणाचं आहे ते कमिटीला आधीच माहीत असतं.

रेट किलोवर घ्यायचा की स्क्वेअर फुटावर? कशावरही घ्या, माणूस हुशार आहे, तो सांभाळून घेईल. किलोवर दिलात तर जिथे गरज नाही तिथे जाड पट्ट्या, डिझाइन, कमळं, सिंहाची तोंडं असं काय काय येतं. आणि वजनकाट्याची पावती मागू नका हां, तो रिकामा टेम्पो आणि भरलेला टेम्पो असा हिशोब काढत बसलात तर फॅब्रिकेटरला वाईट वाटतं. स्क्वेअर फुटावर दिलात तर उलटं, पत्रा पातळ होत जातो. गेजची गंमत अशी की नंबर वाढला की जाडी कमी होते. १६ गेज म्हणजे साधारण १.६ मिमी, १८ म्हणजे १.२, आणि २० म्हणजे ०.९. आमच्या खजिनदारांनी मीटिंगमध्ये छाती फुगवून सांगितलं की समोरच्या बिल्डिंगवाल्यांनी १६ घेतलंय, आपण २० घेतोय, एकदम हेवी. टाळ्या. आता १८ फूट बाय ६ फुटाचं गेट धरा, १६ गेजचा नुसता पत्रा सव्वाशे किलो भरतो आणि २० गेजचा सत्तर. मधले पंचावन्न किलो लोखंड कुठे गेलं? विचारू नका. वर लांबी, म्हणजे पुट्टी, भरून दोन हात पेंट मारला की कोणाच्या बापाला कळतंय.

स्टेनलेस स्टील घ्यायचं असेल तर फॅब्रिकेटर खिशातून लोहचुंबक काढेल, पाइपला लावून दाखवेल, 'बघा शेठ, चिकटत नाय, ओरिजिनल ३०४'. तुम्ही माना डोलवा. २०२ या हलक्या ग्रेडला पण चुंबक चिकटत नाही हे त्याला माहितीये, तुम्हाला नाही. २०२ मध्ये निकेल कमी घालून मँगनीज भरलेलं असतं, घरातल्या कठड्याला चालून जातं, पण इथे खाडीवरून खारा वारा येतो, दोन पावसाळ्यांत त्यावर चहाच्या रंगाचे डाग येतात. मग तोच माणूस पॉलिश करायचे वेगळे पैसे घेतो. तेवढाच रोजगार.

गेटवर कमान हवीच. सोसायटीचं नाव सोनेरी अक्षरात, खाली एलईडी. पाण्याचा टँकर तिला घासून जाईल, जाऊ दे. फायरचा फॉर्म बी, म्हणजे आगीची यंत्रणा चालू असल्याचा दाखला, दर जानेवारी-जुलैला एजन्सी भरून देतेच, बंब कमानीखालून जाईल की नाही ते आग लागल्यावर बघू.

कंपाउंड वॉलवर काचा लावा. चोर लिफ्टने येतो, काचा लागतात त्या चेंडू आणायला चढलेल्या पोरांना.

आणि भिंतीच्या खालच्या अंगाला जी पाणी जायची भोकं असतात ना, ती सिमेंटने बुजवून टाका, त्यातून पावसाचं घाण पाणी येऊन एका मेंबरच्या गाडीचे टायर खराब होतात. भिंतीमागे माती भिजून फुगेल, पाणी साचेल, भिंत पोट काढेल, काढू दे की. मालाडला पिंपरीपाड्यात जुलै २०१९ ला आणि चेंबूरला भारत नगरमध्ये जुलै २०२१ ला रात्रीच्या पावसात झोपलेल्या माणसांवर भिंती आल्या, तेव्हा ग्रुपवर हात जोडलेले इमोजी टाकलेच होते आपण. आमची मागची भिंत आता ओळंब्यात, म्हणजे सरळ उभी, नाही, हे मी सांगितलं तर उत्तर आलं, 'तुम्ही सिव्हिल इंजिनिअर आहात का?' नाही हो. डोळे आहेत.

असो. मेन विषयावर येऊ. स्लायडिंग गेट.

आमचं जुनं गेट दोन पल्ल्यांचं, आत उघडणारं. पल्ले जिथे फिरायचे तिथे आता दोन गाड्या लागतात, कोणाच्या ते विचारू नका. त्या गाड्या हलणार नाहीत म्हटल्यावर गेटनेच आपली सवय बदलायची असं ठरलं आणि स्लायडिंग आलं. आयडिया वाईट नाही, मुंबईत जागा कुठेय. पण स्लायडिंग गेट म्हणजे काय हे कोणीतरी एकदा समजून घेतलं असतं तर बरं झालं असतं. फ्रेम धरून दोनशे किलोच्या घरातलं लोखंड खालच्या दोन चाकांवर उभं असतं. चाकं ट्रॅकवर पळतात. वर खांबाला गाइड रोलर असतात, ते गेटला दोन्ही बाजूंनी धरून उभं ठेवतात. आणि ट्रॅकच्या दोन्ही टोकांना स्टॉपर, म्हणजे गेट कितीही जोरात आलं तरी तिथे आपटून थांबणार. स्टॉपर नसला तर गेट पुढे निघून जातं, रोलरच्या बाहेर येतं, आणि मग त्याला धरायला काहीच उरत नाही, ते सरळ आडवं होतं. संपलं. एवढंच आहे ते सगळं, याच्यासाठी आयआयटीतून माणूस आणायला नको. आणि स्टॉपर म्हणजे काय, अँगलचा एक जाड तुकडा, खाली पक्का बसवलेला, वर रबर. अर्ध्या तासाचं काम.

आमच्या गेटला सिंहाची तोंडं आहेत. दोन. एलईडी आहे, रंग बदलतो, गणपतीत वेगळा. बाजूच्या खांबावर संगमरवराची पाटी आहे, तिच्यावर चेअरमन, सेक्रेटरी, खजिनदार आणि कमिटी मेंबरांची नावं आहेत, एक नाव चुकलं म्हणून ती पाटी परत बनवून घेतली. पाटी परत बनवली! स्टॉपर नाही.

गेल्या आठवड्यात रात्री अकराच्या पुढे एक साहेब बाहेर गाडी लावून हॉर्न वाजवत बसले. एकदा वाजवला, कळलं ना, पण नाही, हात काढायलाच तयार नाहीत. वॉचमन काका टाकीवर पंप बंद करायला गेले होते (पंप पण तेच बघतात, कुरिअर पण तेच, कचऱ्याचे डबे पण तेच), ते धावत आले आणि घाईत गेट जोरात ढकललं. ट्रॅक ओला, चाकं नवीन, गेट जे सुटलं ते टोकाला थांबलंच नाही, रोलरमधून बाहेर आलं आणि आतल्या बाजूला आडवं पडलं. काकांनी उडी मारली म्हणून वाचले. त्यांची एक चप्पल गेटखाली होती. पाय त्या चपलेत असता तर काय झालं असतं हे लिहायला नको. आणि साहेबांनी खाली उतरून पहिलं काय बघितलं असेल? बम्पर.

दुसऱ्या दिवशी फॅब्रिकेटर आला. दुपारी. 'ट्रॅकमध्ये खडी आली असेल शेठ, आणि तुमचा माणूस जोर लावतो.' मी म्हटलं स्टॉपर कुठेय? तो म्हणाला, 'कोटेशनमध्ये नव्हता.' मी कोटेशन मागून बघितलं. खरंच नव्हता. सिंह होते, एलईडी होती, 'सोनेरी अक्षरे एकूण नग' होतं, स्टॉपर नव्हता, आणि गाइड रोलरही दोनच्या जागी एकच जोडी होती. फायनल पेमेंट तर उद्घाटनाच्या आधीच देऊन झालेलं, कारण नारळ फोडताना त्याचं तोंड पडलेलं दिसू नये.

मग संध्याकाळी बोर्डावर नोटीस लागली. ती वाचा एकदा. 'सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, मुख्य प्रवेशद्वार सावकाश उघडावे व बंद करावे. प्रवेशद्वाराच्या नुकसानीस ड्युटीवरील वॉचमन जबाबदार राहील. आदेशावरून.' खाली सही, शिक्का.

बास झालं. आता सल्लाबिल्ला राहू दे.

जबाबदार राहील म्हणजे काय करणार आहात? बारा तास ड्युटी करणाऱ्या माणसाच्या पगारातून कापणार? गेट त्यांनी निवडलं? कोटेशनवर सही त्यांची आहे? गेट बसवायच्या आधी तुम्ही एकदा तरी त्यांना विचारलं का, की काका, दिवसातून शंभर वेळा हे तुम्हीच ढकलणार, कसं हवंय? सध्या ते गेट खांबाला नायलॉनच्या दोरीने बांधलेलं आहे आणि ती दोरीसुद्धा काकांनी स्वतःच्या पैशाने आणलीय, सेक्रेटरी म्हणाले व्हाउचर करा मग बघू. व्हाउचर! दोरीचं!

आणि हे फक्त कमिटीला नाही म्हणत मी. तुम्ही जे एजीएमला वेफर्स खाऊन निघून गेलात, ज्यांना नंतर ग्रुपवर 'गेटचा कलर छान आलाय' एवढंच सुचलं, जे रोज हॉर्नवर हात ठेवून बसतात आणि गाडीतून उतरायला ज्यांचे पाय दुखतात, तुमची पोरं त्या गेटवर लटकून झोके घेतात हो. संध्याकाळी बघा खाली येऊन, चार-पाच जण असतात, एक ढकलतो, बाकीचे चढलेले. त्यांच्यावर पडलं असतं तर मग काय, परत हात जोडलेले इमोजी?

रिपेअर फंड कशासाठी कापता दर महिन्याला? काढा त्यातून पैसे. दोन्ही टोकांना स्टॉपर बसवा, सिमेंटमध्ये गाडलेले, नुसते वेल्डिंगचे टाके मारलेले नकोत. गाइड रोलरची दुसरी जोडी लावा. ट्रॅक दर आठवड्याला झाडायला सांगा आणि ते काम वॉचमनच्या डोक्यावर टाकू नका, झाडूवाल्याला त्याचे वेगळे पैसे द्या. मागच्या भिंतीची भोकं उघडा, आणि खऱ्या इंजिनिअरला आणून ती भिंत दाखवा, चेअरमनच्या भाच्याला नाही. पुढच्या वेळी कोणाला काम द्याल तेव्हा प्रत्येक वस्तू कोटेशनमध्ये लिहून घ्या आणि थोडे पैसे पावसाळा संपेपर्यंत हातात ठेवा, तो रुसला तर रुसू दे. याला एसजीएम, म्हणजे खास सभा, लागत नाही, ठराव लागत नाही, सूचक-अनुमोदक लागत नाही.

आणि ती नोटीस काढा. आत्ता, हे वाचून झाल्या झाल्या, खाली जा आणि काढा.