इतिवृत्त कायम करण्यात आले

शाळेत असताना माझे अक्षर वळणदार होते, म्हणून रोज सकाळी फळ्यावर सुविचार लिहिण्याचे काम माझ्याकडे असे. त्याचा खरा तोटा पंचेचाळीस वर्षांनी झाला. आमच्या परिसर समितीच्या वार्षिक सभेला मी केवळ चहा आणि खारी यांच्या ओढीने गेलो होतो, आणि शेजारच्या गृहस्थांनी सांगितलेला प्लंबरचा दूरध्वनी क्रमांक मी सभेच्या नोटिशीच्या पाठीमागे उतरवून घेत होतो. अध्यक्षांची नजर नेमकी त्या कागदावर पडली. "काय सुंदर अक्षर आहे हो तुमचे!" असे ते म्हणाले, आणि पुढच्या दोन मिनिटांत सूचक, अनुमोदक आणि टाळ्या हे तिन्ही विधी उरकून मी समितीचा चिटणीस झालो होतो. प्लंबर अजूनही आलेला नाही.

पुण्याच्या ज्या उपनगरात मी राहतो, तेथे सात बंगले, चार सोसायट्या, एक उद्यान आणि ज्येष्ठ नागरिकांचे एक विरंगुळा केंद्र आहे. समितीची मासिक सभा याच केंद्रात भरते. सभेची वेळ सहाची असते, आणि गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास ती त्याच जागी साडेसहा वाजता घेतली जाईल व तिला गणपूर्तीची अट राहणार नाही, असे नोटिशीतच छापलेले असते. ही तरतूद सर्व सदस्यांना तोंडपाठ असल्यामुळे सहा वाजता फक्त मी आणि केंद्राचा रखवालदार असे दोघेच हजर असतो. मी सभा रीतसर तहकूब करतो, रखवालदार मान डोलावतो, आणि साडेसहाला सर्व मंडळी एखाद्या लग्नाच्या वऱ्हाडासारखी एकदम येतात.

सभेतला पहिला विषय नेहमी एकच असतो : मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. बाहेरच्या माणसाला हा विषय दोन मिनिटांचा वाटेल. माझ्या पहिल्याच इतिवृत्तात मी असे लिहिले होते की, बंगला क्रमांक सातचे काका पाण्याच्या वेळेबद्दल काही म्हणाले. काका ताडकन उभे राहिले. "मी म्हणालो नव्हतो. मी ठणकावून सांगितले होते," असे त्यांनी ठणकावून सांगितले. त्यावर सी विंगच्या वहिनींनी हरकत घेतली की, त्या दिवशी त्या समोरच बसल्या होत्या आणि त्यांच्या मते तो शुद्ध आरडाओरडा होता, तेव्हा लिहायचेच असेल तर तसे लिहावे. पस्तीस मिनिटे चर्चा होऊन 'आग्रहाने प्रतिपादन केले' या शब्दांवर तडजोड झाली. मी सुटकेचा श्वास टाकला. परंतु ही चर्चादेखील सभेत झालेली असल्यामुळे तीही इतिवृत्तात घेणे भाग होते, आणि पुढच्या महिन्यात ती कायम करताना, 'हरकत घेतली' हे शब्द आपल्याला भांडखोर ठरवतात, अशी वहिनींनी हरकत घेतली. पाण्याच्या वेळेचे काय झाले, ते मला आजतागायत ठाऊक नाही.

आमचे अध्यक्ष बँकेतून निवृत्त झालेले आहेत आणि त्यांची चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीवर नितांत श्रद्धा आहे. ही दुरुस्ती १९९२ साली संमत होऊन १ जून १९९३ रोजी अमलात आली आणि तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या स्थापन करण्याची तरतूद तिने केली, हे ते प्रत्येक सभेच्या प्रास्ताविकात सांगतात. आमची समिती ही ती प्रभाग समिती नव्हे, एवढा तपशील मात्र त्यांना किरकोळ वाटतो. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपून कारभार प्रशासकांकडे गेला, तेव्हा "आता लोकप्रतिनिधी नाहीत, जे काही आहोत ते आपणच," असे उद्गार त्यांनी काढले होते. त्या वेळी सभेत नऊ माणसे होती आणि त्यांतली दोन चहाच्या किटलीपाशी उभी होती.

त्या नऊ जणांपुढे पहिला मोठा प्रश्न आला तो गतिरोधकाचा. संध्याकाळी क्लासला जाणारी मुले आमच्या गल्लीतून दुचाकी ज्या वेगाने नेतात तो वेग पाहता गतिरोधक हवा, याबद्दल सर्वांचे एकमत होते. समितीच्या इतिहासातील ते एकमेव एकमत मी लाल शाईने नोंदवून ठेवले आहे. मग तो कोठे हवा, हा प्रश्न निघाला. प्रत्येकाला तो हवा होता, पण दुसऱ्याच्या फाटकासमोर. गाड्या तेथे आदळतील, आवाज होईल, मणक्याला धक्का बसेल, आणि शिवाय वेग कमी झालेला माणूस सहज घरात डोकावेल, असे एकेक मुद्दे आले. एका अभियंता सदस्यांनी इंडियन रोड्स काँग्रेसचे मानक आणले होते. त्यानुसार गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा, हे त्यांनी वाचून दाखवले, आणि प्रत्यक्ष कल्पना यावी म्हणून केंद्राच्या फरशीवर खडूने आखूनही दाखवले. ती आखणी अध्यक्षांच्या खुर्चीपासून सुरू होऊन चहाच्या टेबलाखाली संपली. एवढी रुंदी कोणाच्याच फाटकांच्या मधल्या जागेत बसत नव्हती. गतिरोधकाचा विषय पुढील सभेवर गेला आणि खडूची आखणी मात्र तशीच राहिली. चहा घेऊन येणारा मुलगा अजूनही तेथे आला की नकळत चाल मंद करतो.

सुरक्षिततेच्या विषयावर चौकीतले एक बीट मार्शल आम्हाला मार्गदर्शन करण्यासाठी आले होते. सकाळी फिरायला जाताना दागिने घालू नयेत, घर बंद करून गावाला जाताना शेजाऱ्यांना आणि चौकीत सांगून जावे, आणि अडचणीच्या वेळी ११२ हा क्रमांक फिरवावा, असे त्यांनी मोजक्या शब्दांत सांगितले आणि ते मोटारसायकलवरून निघूनही गेले. इतके थोडक्यात बोलणारा माणूस आमच्या केंद्रात प्रथमच आला होता, त्यामुळे सभा काही क्षण गोंधळली. मग हा क्रमांक फलकावर रंगवून उद्यानात लावावा, अशी सूचना आली. लगेच कोणी म्हणाले की, मग रुग्णवाहिकेचा १०८ का नको? कोणाला अग्निशमनाचा १०१ आठवला, कोणाला महिलांसाठीचा १०९१, कोणाला मुलांसाठीचा १०९८, आणि ज्येष्ठांच्या १४५६७ या क्रमांकाला तर विरंगुळा केंद्रात विरोध होणे शक्यच नव्हते. त्याखाली पदाधिकाऱ्यांची नावेही आली. तयार झालेला फलक रेल्वेच्या वेळापत्रकासारखा दिसतो. संकटात सापडलेल्या माणसाने चष्मा लावून, बोट फिरवीत, आपल्या संकटाची ओळ शोधून काढावी, अशी त्यामागची योजना असावी. शिवाय तो उद्यानाच्या ज्या कोपऱ्यात लावला, तेथे रात्री काहीच दिसत नाही.

त्या कोपऱ्याची हकीकत सविस्तर सांगितली पाहिजे, कारण माझ्या चिटणीसपणाची अर्धी फाइल तेथेच खर्ची पडली आहे. तेथे दिव्याचा खांब आहे आणि दिवा रोज नियमाने लागतो. पण खांबाशेजारी एक सोनमोहर आहे आणि दिव्याचा सगळा प्रकाश त्या झाडाच्या आतच राहतो. रात्री पाहिले तर पालवी आतून उजळलेली दिसते आणि दोन-चार कावळे अवेळी जागे असतात. खाली मिट्ट काळोख. मी विद्युत विभागाकडे तक्रार नोंदवली. तिसऱ्या दिवशी दिवा चालू असल्याचे आढळून आल्यामुळे तक्रार बंद केल्याचा संदेश आला, आणि तो खोटा नव्हता. मग मी उद्यान विभागाकडे गेलो. १९७५ च्या झाडांच्या जतनाच्या कायद्यामुळे फांदीला हात लावायचा तर रीतसर अर्ज करावा लागतो, तो मी केला. पाहणीसाठी आलेल्या गृहस्थांनी झाडाकडे प्रेमाने पाहिले आणि झाड निरोगी आहे असे सांगितले. तेही खरेच होते. दिवा चांगला, झाड चांगले, आणि त्या दोघांच्या मध्ये मी. अखेर पाचव्या अर्जावर शिडीची गाडी आली, तेव्हा खांबाखाली एक मोटार उभी होती. मालकाचा शोध घेण्यात पाऊण तास गेला आणि गाडी परत गेली. मोटार अध्यक्षांची होती आणि ते त्या वेळी घरी बसून, फांद्या का छाटल्या जात नाहीत, याबद्दलचे स्मरणपत्र लिहीत होते.

याच कोपऱ्यावर श्वानप्रेमी ताईंचाही डोळा होता. प्राण्यांच्या जन्मनियंत्रणाचे २०२३ चे नियम त्यांनी छापून आणले होते. भटक्या कुत्र्यांना खाऊ घालण्यासाठी रहिवासी संघटनेने जागा नेमून द्यावी, आणि ती मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून व येण्याजाण्याच्या वाटांपासून दूर असावी, असे त्यांत म्हटले आहे. आम्ही उद्यानाचा नकाशा पसरला. घसरगुंडीपासून दूर सरकले की फाटक येई, फाटकापासून दूर सरकले की ज्येष्ठांची फेरी येई, आणि ज्येष्ठांपासून दूर सरकले की बंगला क्रमांक सात येई. या सगळ्यांपासून दूर असलेली जागा एकच निघाली, ती म्हणजे सोनमोहराखालचा अंधारा कोपरा. आणि तेथे बाकडे होते.

हे बाकडे म्हणजे समितीची आजवरची सर्वांत मोठी प्राप्ती. पुण्यात २००६ पासून नागरिकांना आपल्या भागातील लहान कामे अंदाजपत्रकासाठी सुचवता येतात, एका कामाला पाच लाखांची मर्यादा असते. अध्यक्षांनी बारा कामे सुचवली होती. त्यांतले एक मंजूर झाले. बाकडे सिमेंटचे आहे, पाय काँक्रीटमध्ये गाडलेले आहेत, आणि त्याचे तोंड उद्यानाच्या कुंपणभिंतीकडे आहे. बसल्यावर गुडघे आणि भिंत यांच्यात एक वीतभर अंतर राहते. बसवण्याच्या दिवशी नकाशा कोणी धरला होता आणि तो उलटा होता की सुलटा, याबद्दल तीन निवेदने माझ्याकडे आली असून तिन्ही परस्परविरोधी आहेत. इतिवृत्तात मी 'उपस्थित सदस्यांच्या मार्गदर्शनाखाली बसवण्यात आले' असे लिहिले. त्याला, नवल म्हणजे, कोणीच दुरुस्ती सुचवली नाही.

बाकडे फिरवण्याचा विषय आठ सभा चालला. पूर्वेकडे तोंड केले तर सकाळचे ऊन डोळ्यांत जाईल, पश्चिमेकडे केले तर सी विंगच्या गच्च्या दिसतील, दक्षिणेकडे तोंड करून बसायला ज्येष्ठांपैकी कोणीही तयार नव्हते, आणि उत्तरेकडे ती भिंत. काका कोणत्याही दिशेला आग्रहाने प्रतिपादन करीत. ताईंचे म्हणणे असे की, माणसे बसत नसतील तर बाकडे कुत्र्यांना तरी द्यावे.

दरम्यान मी राजीनामा दिला. तो 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय' या सदराखाली होता, आणि त्या सदरापर्यंत सभा पोहोचण्याआधी चहा पोहोचतो. चौदा महिने तो तेथेच आहे. मधल्या काळात मला रस्त्याने चालणे अशक्य झाले. भाजी घ्यायला निघालो की, "काय चिटणीस, आमच्या ड्रेनेजचे काय झाले?" देवळात डोळे मिटले की कानाशी, "अहो, तुमचे घंटागाडीवाले आज आलेच नाहीत." घंटागाडी माझी आहे, हे मला तेव्हा कळले. न्हाव्याकडे मान खाली असतानाही एकाने समोरच्या आरशातून मला ओळखले आणि खड्ड्याचे छायाचित्र दाखवले.

अशा एका रात्री, नवाच्या सुमारास, लोकांना चुकवीत मी उद्यानात शिरलो आणि त्या बाकड्यावर जाऊन बसलो. सोनमोहराची छाटणी त्याच आठवड्यात झाली होती, त्यामुळे दिव्याचा प्रकाश थेट भिंतीवर पडला होता. भिंतीच्या भेगेतून मुंग्यांची एक रांग वर चालली होती. मध्येच एक खडा आला की ती रांग न थांबता, न भांडता त्याला वळसा घालीत होती. शेवाळ होते, जुन्या पत्रकाचा एक कोपरा होता. मागून फेरी मारणाऱ्यांची पावले वाजत. कोणी पाण्याबद्दल बोलत होते, कोणी माझ्याबद्दलही बोलत होते. पण माझे तोंड भिंतीकडे असल्यामुळे पाऊण तास मला कोणीही ओळखले नाही. त्यानंतर मी तेथे रोज जाऊ लागलो. पाठीवरून ओळखू येऊ नये म्हणून भर उन्हाळ्यात मफलर घेतो, एवढाच काय तो त्रास.

गेल्या महिन्याच्या सभेत विषयपत्रिकेवर बाकडे पाचव्या क्रमांकावर होते, आणि या वेळी निर्णय होण्याची भीती खरी होती, कारण काका गावाला गेले होते. चौथा विषय संपताच मी वही मिटली, उभा राहिलो, आणि आज खारीऐवजी गरम बटाटेवडे मागवले आहेत असे जाहीर केले. वडे माझ्या खर्चाने आले होते. नंतर घरी बसून, फळ्यावर सुविचार लिहीत असे त्याच वळणदार अक्षरात, मी नोंद केली : 'विषय क्र. ५, बाकड्याची दिशा. वेळेअभावी सदर विषय पुढील सभेत घेण्याचे सर्वानुमते ठरले.' सभा त्या दिवशी वीस मिनिटे लवकर संपली होती.