खुलासा : ‘वेव्हर्ली’च्या बिल्ल्याबद्दल

गेल्या आठवड्यात मी एका इनॅमलच्या बिल्ल्याचा फोटो टाकला होता. सोबत लिहिलं होतं, ‘डंकर्कला बुडालेली रेल्वेची आगबोट वेव्हर्ली’. ते चुकीचं आहे, आणि तोच मजकूर आता बऱ्याच ग्रुपांवर फिरतोय.

‘वेव्हर्ली’ नावाच्या बोटी दोन. पहिली 1899ची, नॉर्थ ब्रिटिश रेल्वे या ब्रिटनमधल्या कंपनीची. दुसऱ्या महायुद्धात ती नौदलाने समुद्रातले सुरुंग काढायला घेतली आणि 29 मे 1940 रोजी फ्रान्सच्या डंकर्क बंदरातून, वेढ्यात अडकलेले सैनिक आणताना विमानहल्ल्यात ती बुडाली. तिच्या जागी लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वेने ग्लासगोत नवी बांधून घेतली. ती 1946 साली पाण्यात उतरली, 1947पासून प्रवासी नेऊ लागली. 1974 साली ती एका पौंडाला जतन संस्थेकडे गेली आणि आजही चालते.

बिल्ला परत भिंगाखाली धरला. बोटीवर एकामागे एक दोन धुराडी आहेत. लाल, मध्ये पांढरा पट्टा, वर काळं टोक. जुन्या बोटीच्या फोटोंत धुराडं एकच आहे. मी नुसतं नाव वाचलं, धुराडी मोजली नाहीत. म्हणजे हा बिल्ला दुसऱ्या बोटीचा, युद्धानंतरचा.

डंकर्कचं नाव लागलं की लोक जास्त पैसे मोजतात, म्हणून जास्तच वाईट वाटतंय. माझी जुनी पोस्ट काढली आहे. कृपया ती पुढे पाठवू नका. पाठवली असेल तर तिथे हा खुलासा टाका.