पोच आहे का?

प्राप्तिकराचा परतावा मंजूर झाला आहे आणि तो मला मिळणार नाही, हे दोन्ही एकाच ई-मेलमध्ये कळलं. विवरणपत्र तपासून खातं पाठवतं ती कलम १४३(१)ची सूचना. फाइल उघडायला पासवर्ड: पॅन लहान अक्षरांत, त्याला चिकटून जन्मतारीख. एवढ्या बंदोबस्तात आत काय, तर परतावा ११,४६० रुपये, कलम २४५ खाली २०१६-१७च्या थकबाकीत वळता, अजून देणं १,९०८. माझेच पैसे घेतले आणि वर मीच देणेकरी!

थकबाकी कसली? त्या वर्षाचा स्वयंनिर्धारण कर, म्हणजे विवरणपत्राआधी आपणच हिशेब करून भरायचा तो, ६,८४० रुपये. तो मी जुलै २०१६ मध्ये चलन २८० लिहून बँकेच्या खिडकीवर चेकने भरला होता. चलनावर आकारणी वर्ष बरोबर आहे. बँकेत ज्याने ते संगणकावर चढवलं त्याने २०१५-१६ चढवलं. तेव्हापासून ती रक्कम २०१५-१६च्या २६एएसमध्ये, म्हणजे नावावर जमा कराच्या खात्याकडच्या पत्रकात, सुखाने नांदते आहे, आणि २०१६-१७ माझ्या नावाने शिमगा करतंय. कमाईचं वर्ष एक, आकारणीचं दुसरं, या भानगडीत अशी चलनं वाट चुकतातच. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या कायद्यात दोन्ही काढून एकच ‘कर वर्ष’ ठेवलंय. उशिरा का होईना, सुचलं.

चलनावरचं वर्ष बँकेकडून बदलून घ्यायला सात दिवस मिळतात. ते गेले की काम आकारणी अधिकाऱ्याचं, म्हणजे ‘एओ’चं. खात्याच्या पोर्टलवर मी रीतसर ‘रिस्पॉन्स टू आउटस्टँडिंग डिमांड’मध्ये जाऊन ‘असहमत’ निवडलं, कारण दिलं ‘चलनाने आधीच भरली’, बँकेचा सात आकडी बीएसआर कोड, पाच आकडी चलन क्रमांक, तारीख, सगळं टाकलं. (रागाच्या भरात इथे ‘डिमांड बरोबर आहे’ दाबू नका, मग मागे फिरता येत नाही.) पोर्टल म्हणालं, अधिकाऱ्याला भेटा. अधिकाऱ्याच्या टेबलावरून उत्तर आलं, “ऑनलाइन टाका.”

प्राप्तिकर कार्यालयाच्या त्या इमारतीत कायदा जाणणारा माणूस जिन्याखाली बसतो. झेरॉक्सवाले मामा. मी कागद पुढे करायच्या आत, मशीनवरची मान न उचलता त्यांनी विचारलं,

“दोनशे पंचेचाळीस?”

“हो.”

“टीडीएस की चलन?”

“चलन.”

“पॅन चुकला की वर्ष?”

“वर्ष.”

“हात तुमचा की बँकेचा?”

“बँकेचा.”

“सगळे तसंच म्हणतात.”

मी चलनाची प्रत दाखवली. त्यांनी ती नीट वाचली आणि पुढचा प्रश्न विचारला, “माफीत का नाही बसलात?” फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने जुन्या किरकोळ डिमांड सोडून दिल्या: आकारणी वर्ष २०१०-११ पर्यंत पंचवीस हजारांच्या आतल्या, पुढे २०१५-१६ पर्यंत दहा हजारांच्या आतल्या. “तुमचं सोळा-सतरा. एका वर्षाने हुकलात हो!” मामा खरोखर हळहळले. त्या इमारतीत माझ्यासाठी हळहळलेले ते पहिलेच. बँकेने पैसे ज्या वर्षात ढकलले ते वर्ष माफीत बसत होतं. फक्त तिथे माझं देणं नव्हतं.

मध्येच एक बाई आल्या. त्यांचा परतावा ‘फेल’ दाखवत होता. मामांनी पॅन आणि पासबुक शेजारी ठेवलं. “आडनाव बघा, इथे माहेरचं, तिथे सासरचं. वर जाऊ नका, वर काही नाही. बँकेत नाव बदला, पोर्टलवर खातं परत प्रमाणित करा, मग ‘रिफंड रीइश्यू’ टाका.” बाई थेट बँकेत गेल्या.

“हं, तुमचं. एकशे चोपन्नचा अर्ज कधी दिलात?”

“२०१८.”

“पोच आहे का?”

सगळं इथे अडतं. कलम १५४ म्हणजे आदेशातल्या चुकीची दुरुस्ती. तिची मुदत ज्या आर्थिक वर्षात आदेश निघाला ते संपल्यापासून चार वर्षं. ही थकबाकी काढणारा आदेश २०१७चा, म्हणजे मार्च २०२२ ला दार बंद. पण अर्ज मुदतीत दिल्याचा पुरावा असेल तर तो जिवंत. त्यावर सहा महिन्यांत निर्णय द्यायला कायदाच सांगतो. सहा महिने कधीचेच सरले. मी पोच काढून दिली. मामांनी ती उजेडात धरली. “शिक्का आहे, तारीख आहे, आवक क्रमांक पुसट आहे. गडद काढतो.”

मग फाइल त्यांनीच लावली: अर्ज, चलन, दोन्ही वर्षांचे २६एएस, चेक वटल्याची ओळ अधोरेखित केलेलं पासबुकाचं पान, पोच. स्टेपल काढून टॅग ओवला. “पिन काढताना पानं सुटतात, आणि सुटतं ते नेमकं चलनाचं पान. घरी जाऊन पोर्टलवर ई-निवारणात तक्रारही टाका. तिथे सीपीसी, म्हणजे विवरणपत्रं तपासणारं केंद्र, निवडू नका, एओ निवडा. नाहीतर महिन्याने उत्तर येईल, एओला भेटा.” झेरॉक्स दोन रुपये पान. सल्ल्याचे पैसे नाहीत.

व्याजाचं मात्र हसू येत नाही. त्यांच्या डिमांडवर महिना एक टक्का, शंभराखालची रक्कम सोडून. म्हणजे ६,८०० वर ६८ रुपये, आठ वर्षांचे ६,५२८. तेही तिजोरीत पडून असलेल्या पैशावर. माझा परतावा रखडला तर महिना अर्धा टक्का, आणि परतावा कराच्या दहा टक्क्यांहून कमी भरला तर तोही नाही. मिळालेलं व्याज ‘इतर स्रोतांतलं उत्पन्न’ म्हणून करपात्र. मी भरलेलं कुठेही वजा होत नाही. हा दर ठरवणाऱ्याला कधीतरी खिडकीच्या या बाजूला उभं करायला हवं.

वरच्या आवक टेबलावरच्या बाईंनी फाइल उलटसुलट केली, उघडली नाही.

“खालच्या मामांनी लावलीय?”

“हो.”

“मग बरोबर असेल,” म्हणाल्या, आणि शिक्का मारला.