डॉलरवरचा देव कधी आला?

"अमेरिका ख्रिस्ती राष्ट्र म्हणूनच जन्मली. नोटेवर देव, घटनेत देव. चर्च आणि सरकार वेगळं करणं हा नंतरच्या नास्तिकांचा डाव." हा फॉरवर्ड सध्या जोरात फिरतोय.

आधी नोट. 'इन गॉड वी ट्रस्ट' (आमचा देवावर भरवसा) पहिल्यांदा उमटलं ते 1864च्या दोन सेंटच्या नाण्यावर, यादवी युद्ध पेटलेलं असताना. राष्ट्रीय ब्रीद झालं 1956मध्ये. कागदी नोटेवर आलं 1957मध्ये, म्हणजे घटना लिहिल्यावर 170 वर्षांनी! शाळेतल्या ध्वजप्रतिज्ञेत 'अंडर गॉड' घातलं 1954मध्ये, शीतयुद्धाच्या ऐन भरात. 1892ची मूळ प्रतिज्ञा लिहिणारे फ्रान्सिस बेलामी स्वतः बाप्टिस्ट या प्रॉटेस्टंट ख्रिस्ती पंथाचे पाद्री होते. त्यांना देवाचा उल्लेख करावासा वाटला नव्हता.

घटनेत देव? 1776च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात 'निर्माता' आहे. 1787च्या घटनेत मात्र शेवटच्या तारखेतलं 'आपल्या प्रभूचं वर्ष' सोडलं तर काही नाही. उलट सहावं कलम बजावतं की सरकारी पदासाठी धर्माची अट घालायची नाही. अध्यक्षांच्या शपथेच्या मजकुरातही देव नाही. 'सो हेल्प मी गॉड' (देव मला साहाय्य करो) ही पदरची भर.

आता तो 'नास्तिकांचा डाव'. खरी गंमत इथे आहे. व्हर्जिनियात परवान्याशिवाय प्रवचन केलं म्हणून बाप्टिस्ट उपदेशक तुरुंगात जात. 1784मध्ये तिथलेच नेते पॅट्रिक हेन्री यांनी ख्रिस्ती धर्मशिक्षकांसाठी कर सुचवला; आपला पैसा कोणत्या पंथाला जावा हे करदात्यानंच सांगायचं. दिसायला उदार. तरी बाप्टिस्टांनी विरोधी अर्जांचा पाऊस पाडला: श्रद्धा हा माणूस आणि देव यांच्यातला मामला, तिथे वसुली कारकुनाचं काय काम? पुढे अध्यक्ष झालेले जेम्स मॅडिसन यांनी हीच बाजू लढवली, कर बारगळला आणि 1786मध्ये थॉमस जेफरसन (हेही पुढे अध्यक्ष झाले) यांचा धर्मस्वातंत्र्याचा कायदा संमत झाला. चर्च आणि सरकार यांच्यातल्या 'भिंती'चं जेफरसन यांचं 1802चं पत्रही कनेक्टिकटमधल्या डॅनबरीच्या बाप्टिस्टांनाच होतं. त्यांची तक्रार होती की धर्मस्वातंत्र्य आम्हाला मेहेरबानी म्हणून मिळतं, हक्क म्हणून नाही.

फॉरवर्डवाल्यांच्या बाजूनं एक गोष्ट मात्र खरी आहे, जी त्यांनी लिहिलेलीच नाही: सरकारी धर्म नको म्हणणारी 1791ची पहिली घटनादुरुस्ती फक्त केंद्राला लागू होती, राज्यांना नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये चर्चसाठी करवसुली 1833पर्यंत चालू राहिली. पण तोवर घोड्यावरून गावोगाव फिरणाऱ्या मेथडिस्ट (आणखी एक प्रॉटेस्टंट पंथ) प्रचारकांनी सरकारी दमडीशिवाय माणसं जोडलीही होती.