मुलांच्या आरोग्य कार्डाला 'नोंदणीची तारीख' नसते

"१८ वर्षांखालच्या मुलांच्या सरकारी आरोग्य विम्याची नोंदणी येत्या १ तारखेपासून. महिनाभरच चालणार. पाच वर्षांखालच्या मुलांना लागू नाही. आधार नसेल तर अर्ज बाद. कार्ड मिळाल्यावर तीस दिवसांनी सगळे उपचार मोफत. महाराष्ट्राचं कार्ड काढलं तर कर्नाटकचं रद्द." अशा आशयाचा मजकूर बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या ग्रुपांवर फिरत असतो. महिना बदलतो, मजकूर तोच राहतो. हा मजकूर वाचून लोक तारखेची वाट बघत बसतात आणि जे कागद आजच करायला हवेत ते तसेच राहतात. म्हणून एकेक वाक्य घेऊन उत्तर देत आहोत.

"नोंदणी १ तारखेपासून, महिनाभरच"

आपल्याकडे ज्या योजनेत मुलांवर उपचार होतात ती आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक. आरोग्य कर्नाटक २ मार्च २०१८ ला सुरू झाली आणि त्याच वर्षी ३० ऑक्टोबरला ती केंद्राच्या आयुष्मान भारतशी जोडली गेली. ती चालवतो सुवर्ण आरोग्य सुरक्षा ट्रस्ट. मध्ये विमा कंपनी नाही, त्यामुळे हप्ता नाही आणि 'या मुदतीत आलात तरच' असा दरवाजाही नाही. नोंदणी वर्षभर चालते: गावात 'ग्राम वन' आणि शहरात 'कर्नाटक वन' या सरकारी सेवा केंद्रांत, आणि आधी काहीच केलं नसेल तर भरती होताना योजनेतल्या हॉस्पिटलातही.

दुसरी गोष्ट, योजना मोजते ती कुटुंबाला. बीपीएल किंवा अंत्योदय रेशन कार्ड असलेल्या कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. ते घरातल्या सगळ्यांत मिळून वापरायचं. माणसं किती आणि कोणत्या वयाची, याला मर्यादा नाही. मूल या कुटुंबात जन्माला आलं की त्याचा हक्क सुरू झाला.

मग तारखेची बातमी येते कुठून? दोन ठिकाणांहून. पहिलं ठिकाण यशस्विनी. ही सहकारी संस्थांच्या सभासदांची योजना २०१८ मध्ये आरोग्य कर्नाटकात विलीन झाली होती, ती २०२२-२३ मध्ये पुन्हा सुरू झाली. तिला खरोखरच दरवर्षी ठराविक मुदतीत वर्गणी भरावी लागते. पुन्हा सुरू होताना ग्रामीण भागात चार माणसांपर्यंतच्या कुटुंबाला ५०० रुपये आणि पुढच्या प्रत्येकाला १०० रुपये असा दर होता. शहरात हेच आकडे १,००० आणि २००. सोसायटीच्या बोर्डावर लागलेली ती मुदत कुणीतरी उचलून मुलांच्या नावावर लावतं. दुसरं ठिकाण रेशन कार्ड. नवं नाव घालण्याचं पोर्टल अन्न खातं मधूनमधून काही दिवस किंवा काही तास उघडतं आणि बंद करतं. ही मुदत खरी आहे, पण ती रेशन कार्डाची आहे. पोर्टल उघडं असेल त्या दिवशी मुलाचं नाव घालून घ्याच, कारण कार्डात नाव असलं की आरोग्य योजनेच्या यादीत मूल शोधणं सोपं जातं. नाव नाही म्हणून उपचारासाठी थांबायचं मात्र नाही.

"पाच वर्षांखालच्या मुलांना लागू नाही"

हे वाक्य सर्वांत जास्त नुकसान करतं. योजनेच्या उपचारांच्या यादीत नवजात बाळांसाठीच पाच पायऱ्यांची पॅकेजं आहेत: आईजवळ ठेवून सांभाळता येणाऱ्या बाळापासून ते १,२०० ग्रॅमपेक्षाही कमी वजनाच्या, अतिदक्षता लागणाऱ्या बाळापर्यंत. ज्या योजनेत हे आहे, ती पाच वर्षांखालच्या मुलांना बाहेर कशी ठेवेल?

नवजात बाळाचं स्वतःचं कार्ड नसतं, नावही नसतं. मनगटावरच्या पट्टीवर 'बेबी ऑफ' आणि पुढे आईचं नाव, एवढीच त्याची ओळख. उपचार आई किंवा वडिलांच्या कार्डाच्या आधारावर सुरू होतात. म्हणून गरोदरपणाच्या आठव्या महिन्यातच एक काम उरकावं: आईचं आधार आणि रेशन कार्ड समोरासमोर धरून नाव अक्षर न् अक्षर ताडून बघायचं.

इथे सीमाभागाची एक खास अडचण आहे. सून चंदगड, आजरा, गडहिंग्लजची असते. लग्नाला दोन वर्षं झाली तरी तिचं नाव माहेरच्या महाराष्ट्रातल्या रेशन कार्डात, आधारवर माहेरचं आडनाव, आणि सासरच्या कर्नाटकातल्या कार्डात ती नाहीच. बाळ काचेच्या पेटीत असताना आईच्या नावानं शोध घेतला की पडद्यावर काही येत नाही. उपाय क्रमानं करावा लागतो. आधी माहेरच्या तहसीलमधून नाव कमी केल्याचा दाखला, मग आधारवर नाव-पत्ता बदल, मग सासरच्या कार्डात नोंद. यात आठवडे जातात. ते पूर्ण झालेलं नसेल तर बाळाची नोंद वडिलांच्या नावावरून करायला सांगा. वडील सासरच्या कार्डात असतातच.

पहिलं बाळंतपण माहेरी होतं, म्हणजे जन्माची नोंद महाराष्ट्रातच होणार, कारण ती जन्म झाला त्या ठिकाणीच करावी लागते. तो दाखला कर्नाटकात चालतो. वेगळा इथला दाखला काढायला जाऊ नका. एका बाळाचे दोन दाखले झाले तर पुढे ते निस्तरणं फार अवघड. त्यावर इंग्रजीतलं स्पेलिंग मात्र तिथल्या तिथे तपासा. महाराष्ट्राचा दाखला मराठी-इंग्रजी, इथलं रेशन कार्ड कन्नड. दोन्ही जुळतात ती इंग्रजी अक्षरं. वडील एका कागदावर 'परशराम' आणि दुसऱ्यावर 'परशुराम', किंवा 'जोतिबा'चे 'ज्योतिबा' झाले की जुळणी अडते. शाळेच्या कागदांवर 'पी. सईराज' आणि दाखल्यावर 'सईराज परशराम पाटील' असं असेल तर तेही तसंच अडतं.

जन्म २१ दिवसांत कळवला तर शुल्क नाही. ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क, त्यानंतर वर्षाच्या आत लेखी परवानगी, आणि वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्याचा आदेश. बारसं लांबलं म्हणून नोंद लांबवू नका. नावाशिवाय नोंद होते, आणि नाव १२ महिन्यांच्या आत विनाशुल्क घालता येतं.

"आधार नसेल तर अर्ज बाद"

सर्वोच्च न्यायालयानं २६ सप्टेंबर २०१८ च्या आधार निकालात स्पष्ट म्हटलं आहे की आधार क्रमांक देता आला नाही म्हणून कोणत्याही मुलाला योजनेचा लाभ नाकारता येणार नाही. इतर कागदांवरून ओळख पटवून लाभ द्यायचा. काउंटरवर अडवलं तर हेच शांतपणे सांगा आणि जन्मदाखला, आईवडिलांचं आधार व रेशन कार्ड पुढे ठेवा.

तरीही आधार काढून ठेवलेलं बरं. पाच वर्षांखालच्या मुलाचं निळं बाल आधार निघतं, त्यात बोटांचे ठसे घेत नाहीत. फोटो, जन्मदाखला आणि आई किंवा वडिलांच्या आधारची जोडणी लागते. गोची होते ती पुढे. मूल पाच वर्षांचं झाल्यावर ठसे आणि डोळ्यांची नोंद द्यावी लागते, पंधराव्या वर्षी पुन्हा. पाच ते सात या वयात हे मोफत करून मिळतं. ते राहून गेलं आणि मूल सात वर्षांच्या पुढे गेलं तर आधार निष्क्रिय होऊ शकतं, आणि हे नेमकं भरतीच्या दिवशी लक्षात येतं.

"कार्ड मिळाल्यावर तीस दिवसांनी उपचार"

प्रतीक्षेचा काळ खासगी पॉलिसीत असतो. इथे पहिल्या दिवसापासून संरक्षण आहे आणि आधीपासूनचे आजारही धरले जातात. जन्मतः हृदयाला छिद्र असलेल्या मुलाला 'हा जुना आजार' म्हणून बाजूला काढता येत नाही.

उद्यमबाग, मच्छे इथल्या कारखान्यांत पगारातून ईएसआयची (कामगार राज्य विम्याची) वर्गणी कापली जाणाऱ्यांनाही हेच लागू. कामावर रुजू झाल्या दिवसापासून कुटुंबाला वैद्यकीय लाभ आहे, फक्त मुलाचं नाव कुटुंबाच्या तपशिलात चढवलेलं हवं. सुपर स्पेशालिटी उपचारांना मात्र वर्गणीच्या दिवसांची अट असते.

"सगळे उपचार मोफत"

सगळे नाहीत. ताप-खोकल्याची बाह्यरुग्ण तपासणी या कार्डावर होत नाही. योजना भरती आणि यादीतल्या उपचारांसाठी आहे. एपीएल, म्हणजे दारिद्र्यरेषेवरच्या, कुटुंबाला सरकार पॅकेजच्या ३० टक्केच देतं, तेही वर्षाला कुटुंबामागे दीड लाखापर्यंत. उरलेले ७० टक्के घरच्यांचे.

आणि वाट सरकारी दवाखान्यातून जाते. तिथे होणारा उपचार तिथेच घ्यायचा. होत नसेल तर ते योजनेतल्या दुसऱ्या हॉस्पिटलकडे रेफरल देतात. थेट खासगीत जाऊन डिपॉझिट भरायचं आणि तिसऱ्या दिवशी कार्ड काढायचं, इथेच बहुतेकांचे पैसे अडकतात. आणीबाणीला रेफरल लागत नाही, पण भरती होतानाच आरोग्यमित्राला, म्हणजे हॉस्पिटलातल्या योजनेच्या मदतनीसाला, गाठून 'योजनेतून' असं सांगायलाच हवं.

काही गोष्टींना तर कार्डच लागत नाही. सरकारी दवाखान्यात एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाला औषधं, तपासण्या, रक्त, नेण्या-आणण्याची गाडी हे सगळं जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येतं. दुभंगलेला ओठ, वाकडं पाऊल, ऐकू न येणं, हृदयदोष असं काही आढळलं तर पुढचं तेच पाठवतात. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका.

"महाराष्ट्राचं कार्ड काढलं तर कर्नाटकचं रद्द"

महाराष्ट्रानं महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी भाषकांसाठी खुली केली, त्यावरून दोन्ही सरकारांत वाद झाला आणि त्याच धुरळ्यात हे वाक्य जन्मलं. इथल्या योजनेची पात्रता इथल्या रेशन कार्डावरून ठरते, तिकडच्या आरोग्य कार्डावरून नाही. रेशन कार्ड मात्र एकाच राज्यात ठेवा. दोन्हीकडे नाव असेल तर ते कापलं जातं, आणि आरोग्याचा हक्कही त्याच कार्डाला बांधलेला आहे. मिरज-कोल्हापूरला मूल न्यायचं असेल तर आयुष्मान भारतच्या केंद्राच्या यादीतल्या कुटुंबाला तिथल्या योजनेतल्या हॉस्पिटलात उपचार मिळू शकतात. फक्त राज्याच्या खर्चानं धरलेल्या कुटुंबाचं तसं नसतं. आपलं कुटुंब कुठल्या यादीत, हे निघण्याआधी आरोग्यमित्राकडून बघून घ्या.

मजकुराखाली जी लिंक असते तिच्यावर आधारचा ओटीपी टाकू नका. १४५५५ हा योजनेचा देशभराचा नंबर आणि १०४ ही कर्नाटकची आरोग्य सहायवाणी, दोन्ही मोफत आहेत. फोन करताना रेशन कार्ड आणि बाळाचा जन्मदाखला हाताशी ठेवा.