कोऱ्या ओळीचा रुबाब

एक्सएमएल या खुणांच्या भाषेत मांडलेली माहिती एक्सएसएलटी या रूपांतराच्या भाषेने साध्या मजकुरात उतरवून देणे हे माझे काम आहे, आणि ती फाइल घेणाऱ्या कचेरीची अट एवढीच असते, की एका ओळीत एकच नोंद असावी आणि मध्ये कोरी ओळ नसावी. नावे, रकमा आणि तारखा झटपट जागेवर बसतात. उरलेला सगळा दिवस जे दिसतच नाही ते पुसण्यात जातो.

१९९९ साली एक्सएसएलटीची पहिली आवृत्ती आली, तेव्हापासून नियम असा आहे, की स्टाइलशीटमध्ये, म्हणजे रूपांतराच्या सूचनांच्या फाइलमध्ये, दोन टॅगांच्या (कोनी कंसांतल्या खुणांच्या) मधली निव्वळ मोकळी जागा त्या सूचना पाळणारा प्रोसेसर मुकाट्याने टाकून देतो. मात्र तिथे एखादा स्वल्पविराम येऊन बसला, की त्याच्या मागचेपुढचे स्पेस, टॅब आणि एंटर जसेच्या तसे फाइलमध्ये उतरतात. आमंत्रण एकट्या स्वल्पविरामाला, आणि पानावर सगळे बिऱ्हाड हजर! म्हणून त्या स्वल्पविरामाला ‘एक्सएसएल:टेक्स्ट’च्या टॅगात कोंडावे लागते. त्याच टॅगात नुसते एंटर दाबूनही नवी ओळ मिळते, पण ती कुणी हौशी सहकारी एडिटरात ‘फॉरमॅट’चे बटण दाबेपर्यंतच, त्यानंतर प्रत्येक नोंद चार घरे आत सरकून उभी राहते. टॅगाच्या आत लिहिलेल्या अॅट्रिब्यूटच्या किमतीमध्ये दाबलेल्या एंटरचा तर फाइल वाचणारा एक्सएमएल पार्सर परस्पर स्पेस करून टाकतो. तेव्हा अँपरसँड, हॅश, दहा, अर्धविराम हा नव्या ओळीचा मंत्र लिहावा, हेच शहाणपणाचे.

मूळ फाइलमधल्या इंडेंटेशनसाठी, म्हणजे ओळी आत सरकवणाऱ्या मोकळ्या जागेसाठी, ‘स्ट्रिप-स्पेस’ ही सूचना आहे, पण ती फक्त पूर्ण कोऱ्या तुकड्यांना हात लावते. अक्षरांना चिकटलेली जागा ‘नॉर्मलाइझ-स्पेस’ने काढावी लागते. त्यातूनही १६० क्रमांकाचा न तुटणारा (म्हणजे तिथे ओळ मोडू न देणारा) स्पेस सहीसलामत सुटतो, कारण एक्सएमएलच्या लेखी तो रिकामी जागा नाहीच. दिसायला हुबेहूब तसाच असून कायद्याने वेगळा असलेला हा इसम बहुधा वर्डमधून चिकटवलेल्या मजकुरातून येतो, आणि त्याला अक्षरे बदलणाऱ्या ‘ट्रान्सलेट’ने नाव घेऊनच बाहेर काढावे लागते.

हे सगळे करून मी फाइल पाठवली, तेव्हा कचेरीने कळवले, की शेवटच्या नोंदीखाली एक कोरी ओळ दिसते. प्रत्येक नोंदीमागे नवी ओळ टाकल्यावर ती दिसणारच. म्हणून नोंदीचा क्रमांक सांगणारे ‘पोझिशन’ आणि शेवटचा क्रमांक सांगणारे ‘लास्ट’ यांची गाठ घालणारी अट लिहून शेवटची तेवढी वगळली. दुसऱ्या दिवशी उत्तर आले, की ओळी आता ठीक आहेत, परंतु शेवटची नोंद आमच्या प्रणालीने वाचली नाही, कारण तिच्या शेवटी नवी ओळ नाही.