गाडी फोडावीच लागली नाही: ब्रिंक्सवरच्या लेखावरील आक्षेपांना उत्तर

नमस्कार. तुम्ही सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. रोकड आणि सोनं सुरक्षितपणे पोचवणाऱ्या ब्रिंक्स या अमेरिकन कंपनीवरच्या माझ्या लेखाबद्दल तुमचे दोन आक्षेप आहेत. एक, जिच्या नावाने जगातले मोठमोठे दरोडे ओळखले जातात, त्या कंपनीच्या चिलखती गाड्यांचं कौतुक कशाला? दुसरा, जीव धोक्यात घालतात गार्ड, आणि लेखभर मात्र कंपनीच.

पहिला आक्षेप मला मान्य नाही. पेरी ब्रिंक यांनी 1859 मध्ये शिकागोत धंदा सुरू केला तो घोडागाडीतून प्रवाशांच्या ट्रंका आणि पार्सलं पोचवण्याचा. बँकांची रोकड आणि कारखान्यांचे पगार पुढे आले. तेव्हा मजुरी रोखीने मिळायची, त्यामुळे पगाराचा दिवस लुटारूंनाही पाठ असायचा. 1917 मध्ये शिकागोतच पगाराची रक्कम नेताना कंपनीची माणसं मारली गेली, आणि त्यानंतर पोलादी गाड्या आल्या. चिलखत आहे ते रस्त्यावरच्या गोळीबारासाठी. तुम्ही ज्या दरोड्यांची नावं घेतलीत, ते चिलखत भेदून झालेलेच नाहीत.

बॉस्टनचंच घ्या. 17 जानेवारी 1950 च्या संध्याकाळी मुखवटे घातलेली माणसं ब्रिंक्सच्या इमारतीत शिरली आणि 12 लाख डॉलरहून जास्त रोकड घेऊन अर्ध्या तासाच्या आत बाहेर पडली. चेक आणि मनीऑर्डरी वेगळ्या. एकही दार तोडावं लागलं नाही. आधी अनेक रात्री आत शिरून त्यांनी पाच कुलपांचे गाभे काढून नेले होते, किल्ल्या करवून घेतल्या होत्या आणि गाभे परत बसवले होते. कुलपाला हात लागल्याचं कोणाच्या लक्षातही आलं नाही! टोळीतल्याच ओ'कीफने तोंड उघडल्यावर 12 जानेवारी 1956 ला धरपकड झाली. खटला भरण्याची मुदत संपायला तेव्हा पाच दिवस उरले होते.

26 नोव्हेंबर 1983 ला लंडनच्या हीथ्रो विमानतळाजवळच्या ब्रिंक्स-मॅटच्या गोदामातून सुमारे 3 टन सोनं गेलं, ते आतल्याच एका गार्डने लुटारूंना वाट करून दिल्यामुळे. आणि एप्रिल 2023 मध्ये टोरांटो विमानतळावर ब्रिंक्सने पाठवलेलं सुमारे 400 किलो सोनं एका माणसाने खोटी पावती दाखवून ट्रकमध्ये भरून नेलं. ती पावती सीफूडच्या मालाची होती. सोनं तेव्हा एअर कॅनडाच्या ताब्यात होतं, म्हणून ब्रिंक्सने त्या कंपनीवर दावा लावला.

हा दावा मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण धंद्याचं मर्म त्यात आहे. बँक किंवा सराफ या कंपनीला पैसे देतो ते मुख्यतः जबाबदारीचे. सीलबंद पिशवी हातातून हातात जाते, सील तपासलं जातं, सही होते, आणि त्या सहीच्या क्षणापासून माल गेला तर कोणाचा गेला हे ठरतं. आता दुकानांत ठेवलेल्या स्मार्ट तिजोऱ्यांमुळे गाडी येण्याआधीच व्यापाऱ्याच्या खात्यात रक्कम दिसते. तिथेही तो विकत घेतो ती हीच हमी. म्हणून पोलादाची जाडी पाहून या कंपनीला जोखणं मला पटत नाही. किल्ल्या कोणाकडे आहेत आणि कागद कोण पडताळतो, ते बघावं.

दुसऱ्या आक्षेपात मात्र तुमचं म्हणणं रास्त आहे, आणि ते माझ्या मुद्द्याला बळच देतं. 20 ऑक्टोबर 1981 ला न्यूयॉर्कजवळच्या नानुएट गावात ब्रिंक्सच्या गाडीवर हल्ला झाला तो गार्ड मॉलमधून पैशाच्या पिशव्या आणून गाडीत चढवत असताना. एक गार्ड जागीच गेला, दुसरा गंभीर जखमी झाला, आणि पळताना लुटारूंनी नायॅकमध्ये दोन पोलिसांना मारलं. गाडी कितीही भक्कम असो, दुकानाच्या दारापासून गाडीच्या दारापर्यंतची ती काही पावलं माणसाला उघड्यावरच टाकावी लागतात. अंतर्गत फितुरीची भीती दाखवून गार्डांवर नुसती पाळत वाढवायची आणि पगार, प्रशिक्षण, विमा यांत हात आखडता घ्यायचा, हे मला अन्यायाचं वाटतं. ज्याच्या सहीवर सगळा धंदा उभा आहे, त्यालाच सर्वात स्वस्त ठेवून कसं चालेल?